सतरा नंबरची लोकर

माणसाच्या रक्तात मेंढी निघाली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि सुनेत्राचा डबा अजून उघडायचा होता. तिला आधी हसूच आलं. अंबरनाथच्या एकाच रंगाच्या कारखान्यातली चोवीस माणसं, त्यांच्या रक्ताचे चोवीस नमुने. तेवीस जणांत सगळं माणसाचंच आणि सतरा नंबरमध्ये ही एवढी मेंढी. काम तसं सांगायला सोपं होतं. रक्तातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करायचे आणि ते यंत्रात सोडायचे. यंत्र एकेका तुकड्याचं वजन करतं आणि तो किती जोरात आला तेही टिपतं. मग कॉम्प्युटर ती वजनं माणसाच्या प्रथिनांच्या यादीशी ताडून सांगतो, हे अमुक, ते तमुक, हे इतकं, ते तितकं. सतरा नंबरमध्ये असे ढीगभर तुकडे होते ज्यांना माणसाच्या यादीत नावच सापडत नव्हतं. तीन आठवडे ते बेवारशासारखे पडून होते. आज कंटाळून तिनं यादीच बदलली, माणसाच्या जागी सगळे सस्तन प्राणी टाकले, आणि जेवायला उठणार तेवढ्यात नावं आली. लोकरीतलं केराटिन, मेंढी. पुन्हा केराटिन, पुन्हा मेंढी. खाली खाली तेच. तिनं माऊस सरकवला आणि सरकवता सरकवता तिला स्वतःचाच हात दिसला. पांढऱ्या कोटाच्या बाहीतून करड्या स्वेटरची कड बोटभर बाहेर आली होती. कडेवर पिवळा डाग होता. तिचं हसू तिथंच थांबलं.

बाहेर मे महिना भाजून काढत होता आणि आत यंत्राच्या लाडापायी एसी अठरावर होता. दोन हजार आठ साली अंबरनाथमध्ये माणसांना चार चार तास लाइट नसायची, पण या यंत्राला जनरेटर होता. लॅबमधले लोक तिला चिडवायचे, सुनेत्रा उल्हासनगरहून निघते आणि सिमल्याला कामाला येते. स्वेटर पप्पांचा होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भगवान, म्हणजे पप्पा, त्या रंगाच्या कारखान्यात बर्फाच्या टाकीवर होता. काही रंग म्हणे गारठ्यातच जमतात, जरा ऊब लागली की फिसकटतात. म्हणून टाकीत सारखा बर्फ घालत राहायचा. दोन माणसं, दोन फावडी, आणि टाकीतून नाकात चढणारी रसायनांची वाफ. एक भगवान आणि दुसरा त्याचा जोडीदार, पालेगावचा राजरत्न. घरी आल्यावरही पप्पांची बोटं गार असायची आणि नखांच्या मुळाशी पिवळं. लहानपणी ती बोटं मानेला लावून ते तिला उठवायचे आणि ती किंचाळायची. आता सकाळी कधी कधी कुणी न लावताच तिच्या मानेला तसं गार लागायचं. ती विज्ञान शिकली होती, तिनं एमएस्सी केली होती, त्यामुळे या गोष्टीला काय म्हणायचं हे तिला कळत नव्हतं.

स्वेटर गयाबाईनं, तिच्या आईनं विणला होता. लोकर उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी शेठकडून आणली होती. त्या दुकानातला संवाद घरात इतक्यांदा घोळवला गेला होता की तो सुनेत्राला तोंडपाठ होता. शेठ म्हणाला, "माई, प्योर ऊन है. यकीन नहीं तो एक धागा जला के देखो, बाल जैसी बू आएगी." गयाबाई म्हणाली, "नवऱ्याच्या अंगात घालायची वस्तू, जाळून कोण बघतं?" आणि न जाळताच घेऊन आली. घरी येईपर्यंत तिला शंकेनं घेरलं होतं, ते कायमचं. नायलॉनच असणार, गोड बोलून गळ्यात मारलं. भगवान हसायचा. "रोज बुद्धवंदना म्हणते आणि मनातली भुतं काय जात नाय हिच्या. आता शेठचं भूत." मग तो स्वेटर घालून आरशासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, नायलॉनची असेल तर नायलॉनची, मेंढीला तरी त्रास नाही झाला.

तो गेल्या सप्टेंबरात गेला. लिव्हर. आयुष्यात दारूला शिवला नव्हता, तरी लिव्हर म्हटल्यावर माणसं मान हलवायची. भेटायला येऊन चहा पिता पिता कौसाबाईनं विचारलंच, "नेमानं घेत व्हते का?" गयाबाईनं तिच्या हातातला कप अर्धा भरलेला असताना काढून घेतला. त्या दिवसापासून शेजारीण असूनही दोघींचं बोलणं नव्हतं. पण आजार आला तरी कुठून आणि कधी आला, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. उन्हाळ्यात पाय सुजले, पावसाळ्यात पोट, आणि गणपती उठायच्या आत माणूस संपला. संपला खरा, पण पूर्ण नाही. त्याचं अर्धा चमचा रक्त सुनेत्राच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये, शून्याच्या खाली ऐंशीवर, अजून होतं.

ते तिथं आलं दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात. बर्फाच्या टाकीजवळच्या माणसांच्या लिव्हरला काही होतंय का, हे नेहमीच्या तपासणीत दिसायच्या आधी रक्तातल्या प्रथिनांत दिसतं का, हे पाहायचं काम लॅबनं घेतलं होतं. कारखान्यात शिबिर झालं. बारा टाकीजवळचे, बारा ऑफिसातले. नावं झाकून नुसते नंबर. कुठला नंबर कुणाचा हे कुणालाच कळायला नको होतं, पण रजिस्टरवाल्या माणसानं रांगेतल्या क्रमानंच नंबर टाकले. संध्याकाळी पप्पा घरी येऊन म्हणाले, "उपाशी ठेवून रक्त घेतलं आणि मग पोहे. माझा सतरावा नंबर. सोळाव्याला पोहे संपले. बिस्किटावर भागवलं." एवढंच. पोह्याची हकीकत सांगता सांगता त्यांनी आपलं झाकलेलं नाव मुलीच्या हातात ठेवलं होतं. हे तिनं लॅबप्रमुख शशिकांत सरांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हटलं, काय फरक पडतो. मग ते आजारी पडले, मग गेले, आणि मग तर सांगायची वेळच निघून गेली, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण तिला जे टोचत होतं ते वेगळंच होतं. शिबिरानंतर महिन्यानं नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट पाकिटातून आला. इंग्रजीत होता. पप्पा पाकीट घेऊन तिच्या पलंगाशी आले. कारखान्यात त्यांना गेटवर बदली देऊ केली होती. अंगात कसकस असते, बर्फाजवळ हुडहुडी भरते, असं त्यांनीच सुपरवायझरला सांगितलं होतं. "सुनू, बघ गं, काय निघालं माझ्या रक्तात? चांगलं असेल तर कशाला जाऊ गेटवर? राजरत्न एकटा पडेल." ती परीक्षेचे पेपर तपासायचं जोडकाम करत होती तेव्हा, लाल पेन हातात होतं. तिनं आकड्यांवरून नजर फिरवली, सगळे मर्यादेत होते. "सगळं नॉर्मल आहे पप्पा," ती म्हणाली आणि पाकीट परत दिलं. ती म्हणू शकली असती, या तपासणीत दिसलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. लॅबमध्ये शशिकांत सर हेच घोकून घ्यायचे. तक्त्यातली रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे, आपल्या यंत्राला दिसलं नाही एवढंच. लॅबमध्ये शिकलेलं घरी आणायचं तिला सुचलं नाही. पप्पा बर्फावरच राहिले. आणि आता यंत्राचा पंप घुं घुं करत असला की त्यातून तिला स्पष्ट ऐकू यायचं, काय निघालं गं माझ्या रक्तात? ती वळून पाहायची नाही. वळून पाहिलं आणि कुणी नसलं तर ते तिला सोसलं नसतं.

तीन आठवड्यांपूर्वी सरांनी गटांची फाइल उघडली आणि आकडे समोर आले. लिव्हरच्या पेशी फुटायला लागल्या की रक्तात गळणारं एक प्रथिन होतं, सगळी भिस्त त्याच्यावर. ऑफिसवाल्यांत ते तीन-चारच्या आसपास. टाकीवाल्यांत सात, आठ, नऊ, एकाचं अकरा. आणि सतरा नंबरचं चार. टाकीवाल्यांतलं एकटंच चार. त्या एका चारामुळे दोन गटांतला फरक काठावर येऊन लटकत होता. पक्का आहे असं म्हणता येत नव्हतं. पण सुनेत्राला त्या चाराकडे पाहून रडू फुटलं होतं. चार म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या माणसाइतकं. म्हणजे त्या नोव्हेंबरात पप्पा खरंच चांगले होते. म्हणजे ती खोटं बोलली नव्हती, तिच्यामुळे काही झालं नव्हतं, जे झालं ते नंतर कधीतरी. सात महिन्यांत त्या रात्री पहिल्यांदा तिला शांत झोप लागली. सकाळी मानेला गार लागलं नाही.

सर मात्र त्या चारावर खूश नव्हते. "हा एक बाहेर पडतोय," ते म्हणाले. "वगळायचा असेल तर वहीत कारण लिही आणि सही कर. दिसायला बरा नाही हे कारण नव्हे. कारण नसेल तर राहू दे, आणि फरक सिद्ध होत नाही असं लिहू." त्यांच्या दृष्टीनं ते सरळ होतं. पण फरक सिद्ध होत नाही याचा अर्थ सुनेत्राला ठाऊक होता. फरक दिसला तर टाकीवरच्या माणसांची दर सहा महिन्यांनी तपासणी आणि आळीपाळीनं बदली, असं कारखान्यानं लिहून दिलं होतं. नाही दिसला तर काही नाही. राजरत्न काका तिला बाजारात भेटायचे आणि पिवळ्या तळहातानं नमस्कार करून विचारायचे, "ताई, निघालं का काय? माझ्यावाला अकरावा नंबर होता. मला पोहे मिळाले व्हते." ती म्हणायची, चालू आहे काका. आणि अकरा नंबरचा आकडा अकराच आहे हे तिच्या ओठांवर येऊन परत जायचं.

आता अडीच वाजता, उघडायच्या राहिलेल्या डब्यासमोर, तिनं बाहीची कड चिमटीत धरली. ही लोकर पप्पांच्या अंगावरून रक्तात गेली असेल, असं क्षणभर वाटलं, आणि ते वाटणं इतकं गोड होतं की तिनं ते मुद्दाम दोन क्षण राहू दिलं. पण रक्त दिलं नोव्हेंबरात आणि स्वेटर विणला जानेवारीत. रक्त घेतलं तेव्हा ही लोकर शेठच्या फळीवर होती. मग ती नळीत गेली कशी, हे आठवायला तिला फार खोल जावं लागलं नाही. मार्चमधली सकाळ. फ्रीजरमधून नळ्यांचा खोका काढला. बाकीच्या नळ्या तिनं नियमाप्रमाणे बर्फाच्या भांड्यात विरघळायला ठेवल्या. सतरा नंबर हातात आली आणि तिच्यानं ती बर्फात ठेववेना. पुन्हा बर्फात? जन्मभर बर्फात राहिलेल्या माणसाला? ग्लोव्हजवरून तिनं स्वेटरची बाही तळहातापर्यंत ओढली, नळी तिच्यात गुंडाळली आणि मुठीत धरून, कोटाच्या आत छातीशी लावून उभी राहिली. पाच मिनिटं असेल, दहा असेल. नळी पाझरली, बाही ओली झाली. मग तिनं त्याच बाहीनं झाकणाचा ओलावा पुसला आणि झाकण उघडलं. कुणी पाहिलं नाही. तिनंही नंतर ते कधी पाहिलं नाही, आजपर्यंत. आपल्या माणसाला ऊब द्यायला गेली आणि रक्तात केस पाडून बसली.

पुढचा हिशेब तिला कागदही न घेता कळत होता. प्रत्येक नमुन्याचा एकूण जोर सारखा करायची त्यांची पद्धत होती. सगळ्यांचा मिळून हजार धरायचा, मग त्या हजारात कोण किती ते पाहायचं. हजार धरताना यंत्र नाव विचारत नाही. नाव सापडलेले, न सापडलेले, सगळे त्यात. सतरा नंबरच्या हजारात ही लोकर बसली होती, पाय पसरून, आणि पप्पांचं जे काही होतं ते उरलेल्या जागेत अंग चोरून. एका सतरंजीवर परका मधोमध झोपला तर घरची माणसं कडेला जाणारच. म्हणजे चार हा आकडा चार नव्हताच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. यादी पुन्हा माणसाची करायची, मेंढीला परत बेवारशी करायचं, कुणाला कळणार नव्हतं. पप्पा नोव्हेंबरात चांगले होते, ती निर्दोष होती, आणि राजरत्न काका बर्फावर. नाहीतर वहीत लिहायचं, नमुना बिघडला, वगळला. काकांचं काम झालं असतं आणि पप्पांचा आकडा कुणालाच, तिलाही, कधी कळला नसता. हा रस्ता तर चांगला वाटत होता. तिनं वही ओढलीसुद्धा. पण पंप घुं घुं करत होता आणि त्यातून तोच प्रश्न, त्याच आवाजात, न रागावता येत होता. त्यांनी दीड वर्षापूर्वी विचारलं होतं. पाकीट हातात घेऊन उभे होते. तेव्हा तिनं नीट न बघता सांगितलं होतं आणि आता बघायचंच नाही म्हणत होती. सुनेत्राला स्वतःची लाज वाटली. तिनं वही बाजूला सारली, लोकरीचा प्रत्येक तुकडा हजारातून काढला, उरलेल्याचा पुन्हा हजार केला आणि बटण दाबलं. वाळूचं घड्याळ पडद्यावर दोनदा उलटलं. बारा पूर्णांक चार. टाकीवाल्यांतला सगळ्यात मोठा. राजरत्न काकांपेक्षाही मोठा.

"निघालं पप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. मागं कुणी नव्हतं, हे तिनं आज वळून पाहिलं.

शशिकांत सरांनी वही दोनदा वाचली. तिनं सगळं लिहिलं होतं. सतरा नंबर, मेंढीची लोकर, उगम विश्लेषकाचा स्वेटर. नमुना दाता विश्लेषकाचे वडील, ही गोष्ट विश्लेषकाला पहिल्यापासून माहीत होती. खाली सही. सरांनी चष्मा काढला. ते तिला ओरडतील म्हणून ती तयारीत होती, पण त्यांनी फक्त तिच्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझं नाव या कामावर राहणार नाही, कळतंय ना? सगळे आकडे दुसऱ्याकडून पुन्हा काढून घ्यावे लागतील. सतरा सकट आणि सतरा शिवाय, दोन्ही."

"हो सर."

"आणि सुनेत्रा, हे कळवलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"हो सर," ती म्हणाली. डबा तसाच घेऊन ती निघाली.

कॅम्प चारमध्ये संध्याकाळची लाइट गेलेली होती. गयाबाई दारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. सुनेत्रा चप्पल काढून तिच्याजवळच उंबऱ्यावर टेकली आणि पिशवीतून स्वेटर काढून मांडीवर ठेवला. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, म्हणून सोप्या टोकाकडून केली.

"आई, शेठनं फसवलं नव्हतं. लोकर खरी होती. मेंढीचीच."

"तुला कुणी सांगितलं?"

"मशीननं."

गयाबाईनं पुठ्ठा थांबवला. "मग मी उगाच शिव्या घातल्या त्याला दीड वर्ष," ती म्हणाली आणि बारीक हसली. त्या हसण्यामुळे पुढचं बोलणं सुनेत्राच्या जिवावर आलं, पण ती बोलली. पप्पा त्या नोव्हेंबरातच आजारी होते. रिपोर्टात दिसत नव्हतं, पण रक्तात होतं. सगळ्यांपेक्षा जास्त होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी नीट पाहिलं नाही, नॉर्मल आहे म्हणाले. म्हणून ते गेटवर गेले नाहीत. माझ्यामुळे, आई. एवढं बोलून तिनं मान खाली घातली. आई रडेल, मारेल, काहीही करेल, तिला ते हवंच होतं.

गल्लीत कुणीतरी पाण्याचा हंडा आपटला. गयाबाईनं लेकीच्या मांडीवरून स्वेटर उचलला आणि पिवळ्या डागावरून अंगठा फिरवत राहिली.

"तू नॉर्मल म्हणालीस तरी ते जाणार व्हते गेटवर," ती हळू म्हणाली. "अर्ज लिहून ठेवला व्हता. मला म्हणाले, गया, रिपोर्ट चांगलाय पण बर्फाजवळ लय थंडी वाजते गं आता. मीच म्हटलं, गेटवर दिवसभर उन्हात उभं राहण्यापरीस बरं. थंडीच वाजते ना, एवढंच ना? स्वेटर विणून देते."

तिनं स्वेटर उलटून टाके पाहिले. "पंधरा दिवसांत विणला. कधी नाय एवढा भरभर विणला. घातला आणि अर्ज फाडला त्यांनी."

सुनेत्रानं आईकडे पाहिलं. आठ महिने एका खोलीत दोघी शेजारी शेजारी झोपत होत्या आणि दोघींच्या उशाशी तो एकच माणूस येऊन बसत होता. तिनं आईचा हात धरायला हात पुढं केला, पण गयाबाईचे हात मोकळे नव्हते. ती स्वेटरमध्ये हात घालत होती. आधी डावा, मग उजवा, मग डोकं. मे महिन्याच्या उकाड्यात, पंखा बंद असताना, तिनं तो करडा स्वेटर लुगड्यावर नीट खाली ओढला आणि कड सारखी केली. कपाळावरून घामाची धार निघाली. समोरून कौसाबाई हंडा घेऊन चालली होती, ती थबकून पाहू लागली.

"कौसा," गयाबाई म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं तिला हाक मारली. "ते पीत नव्हते. बर्फानं गेले. मशीनमधे निघालंय."

कौसाबाईनं हंडा खाली ठेवला आणि त्यांच्या उंबऱ्याशी येऊन बसली. थोड्या वेळानं लाइट आली, आत पंखा फिरायला लागला आणि टीव्ही आपोआप बोलू लागला. सुनेत्रा आत जाऊन तो बंद करून आली. गयाबाई तशीच बसली होती. स्वेटर काढ असं तिला कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही तो काढला नाही.